दहावीची उजळणी मुलांच्या हाती द्या : मुख्याध्यापक आणि विषयशिक्षकांना खुले पत्र

मा. मुख्याध्यापक आणि इयत्ता दहावीचे विषयशिक्षक,
महाराष्ट्रातील सर्व माध्यमिक शाळा

स. न. वि. वि.

शाळा उघडायला आता थोडेच दिवस उरले आहेत. जूनच्या मध्यावर घंटा वाजेल, विदर्भात त्यानंतर थोड्या दिवसांनी. पहिल्याच आठवड्यात वार्षिक नियोजन, घटक नियोजन आणि टाचणाच्या (रोजच्या पाठनियोजनाच्या) वह्या भरल्या जातील. त्या भरण्याआधी हे पत्र तुमच्यापर्यंत पोचावं म्हणून ते आत्ता लिहीत आहोत. जानेवारीत लिहिलं असतं तर फार उशीर झाला असता.

आमचं म्हणणं एकच आहे. जे शिकवलं ते मुलांकडून वर्षभर, थोडं थोडं, पुस्तक मिटून आणि गुण न मोजता आठवून घ्या. अभ्यास पक्का होणं आणि परीक्षेची भीती उतरणं, ही दोन्ही कामं यातूनच होतात. आज बहुतेक शाळांत त्यांचे कप्पे वेगळे आहेत : अभ्यासासाठी जादा तास आणि भीतीसाठी जानेवारीत पाहुण्यांचं एक व्याख्यान. त्या व्याख्यानाने भीती फारशी का हलत नाही, ते पुढे येईलच.

आधी उजळणीबद्दल. डिसेंबरात अभ्यासक्रम संपतो आणि मग शिक्षक धडा पुन्हा समजावून सांगतात. मुलं ऐकतात, अधोरेखित केलेल्या ओळी पुन्हा वाचतात. सगळं ओळखीचं वाटतं, म्हणून सगळं येतंय असंही वाटतं. फसगत इथेच होते. ओळीवर नजर गेल्यावर ती ओळखणं आणि कोऱ्या उत्तरपत्रिकेवर ती स्वतःहून आणणं, ही मेंदूची दोन निराळी कामं आहेत. परीक्षेत दुसरंच लागतं आणि वर्षभर सराव होतो तो पहिल्याचा.

हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिकी या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली हेच मोजलं. विद्यार्थ्यांना छोटे उतारे दिले. काही उतारे त्यांनी दोनदा वाचले. बाकीचे एकदाच वाचून, कागद बाजूला ठेवून, आठवेल ते लिहून काढलं. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा दोनदा वाचलेल्या उताऱ्यांची सरशी झाली : ८१ टक्के विरुद्ध ७५. आठवड्याने घेतली तेव्हा चित्र उलटलं. दोनदा वाचलेलं ४२ टक्के आठवलं, लिहून काढलेलं ५६ टक्के. लिहून काढणाऱ्यांना बरोबर काय आणि चूक काय हेही कुणी सांगितलं नव्हतं. नुसत्या आठवण्याच्या कष्टाने एवढा फरक पडला. त्याच अभ्यासातल्या दुसऱ्या प्रयोगात आणखी एक गोष्ट दिसली : ज्यांनी फक्त पुन्हा पुन्हा वाचलं होतं, त्यांचाच आपल्याला पुढे सगळं आठवेल असा भरवसा जास्त होता. प्रिलिमच्या पेपरनंतर ‘सगळं वाचलं होतं, पण आठवलंच नाही’ म्हणून रडणारी मुलं तुम्ही दर वर्षी पाहता. ती खोटं बोलत नसतात.

यात परकं काही नाही. पाढे ओळीने म्हणवून घेतल्यावर उलटसुलट विचारणाऱ्या गुरुजींना हे ठाऊक होतं. आम्ही पाठांतराच्या विरोधात नाही. पाठ झालं की नाही हे पुस्तक उघडं ठेवून ठरवण्याच्या विरोधात आहोत.

आता प्रत्यक्ष काय करायचं. प्रत्येक तासिकेची पहिली आठ मिनिटं यासाठी राखा. फळ्यावर पाच प्रश्न लिहा : एक कालच्या तासावरचा, दोन मागच्या आठवड्यातले, एक महिन्यापूर्वीचा, एक त्याहून जुन्या घटकातला. पुस्तक, वही, गाईड सगळं दप्तरात. मुलं वहीच्या मागच्या पानांवर पाच मिनिटांत उत्तरं लिहितील. मग तुम्ही उत्तरं सांगा आणि ज्याची त्याने तपासावी. चुकलेलं उत्तर खोडायचं नाही, शेजारी बरोबर उत्तर वेगळ्या शाईने लिहायचं. हे गुण कुठेही चढवायचे नाहीत. वहीत नाही, निकालपत्रकात नाही, आणि पालकांच्या ग्रुपवर तर मुळीच नाही.

पस्तीस-चाळीस मिनिटांच्या तासिकेतून आठ मिनिटं काढणं जिवावर येतं, हे आम्ही जाणतो. पण तासाच्या सुरुवातीला ‘काल आपण काय पाहिलं’ हे शिक्षकच सांगतात, ती तीन-चार मिनिटं यातच जमा होतात. उरलेली जानेवारीच्या उजळणीतून वजा होतात, कारण तेव्हा सगळं पहिल्यापासून सांगावं लागत नाही. साठ मुलांच्या वर्गाचं काय, हा प्रश्न रास्त आहे. म्हणूनच तपासणी मुलांकडे दिली आहे. शिक्षकाने उत्तरं सांगताना एवढंच विचारायचं : ‘तिसरा किती जणांचा चुकला?’ वर उठलेल्या हातांवरून पुढच्या आठवड्याचे प्रश्न ठरतात.

हा उपक्रम फसतो तो काही ठरावीक ठिकाणी. सगळ्यात जास्त फसतो तोंडी प्रश्न विचारल्याने. पहिल्या बाकावरून उत्तर आलं की मागच्या पंचावन्न डोक्यांतलं आठवणं तिथेच थांबतं. म्हणून प्रत्येकाने लिहायचं, कुणालाही न विचारता. दुसरा धोका गुणांचा. दोन आठवडे सुरळीत गेले की कुणाला तरी वाटतं, याचे पाच गुण अंतर्गत मूल्यमापनात धरू या. त्या दिवसापासून मुलं शेजारच्या वहीत बघू लागतात आणि चूक लपवू लागतात. मग उपक्रमाचा जीवच गेला. तिसरा धोका घाईचा : मुलं अडली की आपण लगेच पहिलं अक्षर सांगून टाकतो. निदान वीस सेकंद गप्प राहा. ती धडपडच स्मरण पक्कं करते. मात्र अर्ध्याहून अधिक वर्गाला पाचांपैकी दोनही येत नसतील, तर शिकवणं आणि विचारणं यांतली फट फार मोठी पडली आहे किंवा घटक मुळातच समजलेला नाही. तेव्हा प्रश्न थांबवा आणि पुन्हा शिकवा. जे डोक्यात शिरलंच नाही ते आठवून घेता येत नाही.

प्रश्न कसे निवडायचे, याला थोडा वेळ द्यावा. ‘मुक्तिवेग म्हणजे काय?’ हा प्रश्न पहिल्यांदा ठीक आहे. दुसऱ्या खेपेला ‘चंद्रावरचा मुक्तिवेग पृथ्वीवरच्यापेक्षा कमी का?’ असा विचारा. भिंगांच्या धड्यावर व्याख्या विचारण्याऐवजी बहिर्वक्र भिंगासमोर नाभीय अंतराच्या दुप्पट अंतरावर वस्तू ठेवली तर प्रतिमा कुठे, केवढी आणि सुलट की उलट, एवढंच कच्च्या आकृतीसह विचारा. इतिहासात ‘कारणे द्या’चं उत्तर पूर्ण लिहून घेऊ नका, फक्त तीन मुद्दे मागा. बरोबर उत्तर त्याच तासाला सांगणं मात्र चुकवू नका. एखादं चुकीचं उत्तर मुलाने ठामपणे लिहिलं असेल आणि ते लगेच दुरुस्त झालं, तर धक्का बसल्यामुळे बरोबर उत्तर जास्त चांगलं लक्षात राहतं, असं जेनेट मेटकाफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांना २००१च्या अभ्यासात आढळलं. 

जुने प्रश्न किती दिवसांनी परत आणायचे? हर्मन एबिंगहाउस यांनी १८८५ मध्ये स्वतःवरच प्रयोग करून दाखवलं की विसरण्याचा वेग सुरुवातीला सर्वाधिक असतो आणि नंतर मंदावतो. पुढे २००८ साली निकोलस सेपेडा आणि सहकाऱ्यांनी हजाराहून अधिक लोकांवर शिकणं आणि उजळणी यांतल्या वेगवेगळ्या फटी तपासल्या. परीक्षा आठवड्याने असेल तर एका दिवसाची फट सर्वांत फायद्याची ठरली. परीक्षा जवळपास वर्षाने असेल तर सुमारे तीन आठवड्यांची. जूनमधल्या घटकाची परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये आहे, तेव्हा दुसऱ्या दिवशी, आठवड्याने, साधारण महिन्याने, दिवाळीच्या सुट्टीनंतर आणि जानेवारीत, अशा पाच भेटी पुरेशा होतात. लक्षात कोण ठेवणार? टाचणाच्या वहीत एक रकाना आखा : ‘आजचे जुने प्रश्न’. घटक शिकवून झाला की पुढच्या पाच तारखांच्या पानांवर पेन्सिलने त्याचं नाव टाका. पाच मिनिटांचं काम आहे.

गणिताच्या शिक्षकांसाठी वेगळं लिहायला हवं. सरावसंचातली उदाहरणं एकाच पद्धतीची असतात. वर्गसमीकरणांच्या प्रकरणात मुलाला पहिलं उदाहरण वाचायच्या आधीच माहीत असतं की वर्गसमीकरण मांडायचं आहे. बोर्डाच्या पेपरात तसं कुणी सांगत नाही. दोन चलांतील समीकरणं, वर्गसमीकरण की अंकगणिती श्रेढी, हे ओळखणं हाच अर्धा प्रश्न असतो आणि त्याचा सराव कधीच झालेला नसतो. डग रोहरर यांच्या गटाने फ्लोरिडातल्या सातवीच्या मुलांना काही प्रकारची उदाहरणं एकगठ्ठा दिली आणि काही मिसळून. महिनाभराने अचानक घेतलेल्या चाचणीत मिसळून सोडवलेल्या प्रकारांत ७४ टक्के आणि एकगठ्ठा सोडवलेल्यांत ४२ टक्के गुण मिळाले. वेगळं पुस्तक लागत नाही. आज सरावसंचातली सहा उदाहरणं गृहपाठाला देणार असाल तर तीनच द्या आणि उरलेली तीन मागच्या वेगवेगळ्या प्रकरणांतून घ्या. एखाद्या दिवशी दहा शाब्दिक उदाहरणं द्या, सोडवायला सांगू नका. फक्त ‘कोणती पद्धत आणि का’ एवढं एका ओळीत लिहून घ्या. सुरुवातीला मुलं कुरकुरतील, चुकाही वाढतील. मिसळलेला सराव कठीण वाटतो, म्हणून मुलांना आणि पालकांनाही तो निकामी वाटतो. दोन महिने धीर धरा.

ओघाने एक विनंती. ‘तुमचा मुलगा बघून शिकणारा की ऐकून शिकणारा’ हे ठरवून देणाऱ्या कार्यशाळांवर शाळेचा निधी घालवू नका. हॅरल्ड पॅशलर आणि सहकाऱ्यांनी २००८ साली उपलब्ध संशोधनाचा आढावा घेतला. त्या शैलीप्रमाणे शिकवल्याने जास्त शिकलं जातं, याला त्यांना पुरेसा आधार सापडला नाही. भिंगाची आकृती सगळ्यांनाच पाहावी लागते आणि कविता सगळ्यांनाच ऐकावी लागते.

आता भीतीकडे वळतो. परीक्षेच्या भीतीचे दोन पदर असतात. एक शरीराचा : धडधड, घाम, पोटात गोळा. दुसरा मनातल्या काळजीचा : ‘नापास झालो तर’, ‘बाबा काय म्हणतील’, ‘तिचं तर दुसरी पुरवणीही झाली’. हा भेद १९६७ पासून मांडलेला आहे आणि पुढच्या अभ्यासांत गुणांना जास्त मारक ठरला तो दुसरा पदर. कारण साधं आहे. गणित सोडवताना आकडे धरून ठेवायला मनात जी थोडीशी जागा असते, तीच ही काळजी बळकावते. ‘टेन्शन घेऊ नकोस’ म्हटल्याने ती जागा मोकळी होत नाही, उलट मूल टेन्शनवरच लक्ष ठेवू लागतं. जानेवारीतलं व्याख्यान ऐकताना बरं वाटतं, पण पेपर हातात आल्यावर जे आठवावं लागतं त्यात त्याने काडीचीही भर पडलेली नसते.

टफ्ट्स विद्यापीठातल्या एमी स्मिथ आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये केलेला प्रयोग आम्हाला म्हणूनच फार मोलाचा वाटतो. काहींनी शब्द आणि चित्रं पुन्हा पुन्हा वाचून-पाहून लक्षात ठेवली, काहींनी आठवून आठवून. दुसऱ्या दिवशी त्यांतल्या निम्म्यांना परीक्षकांसमोर भाषण करायला आणि तोंडी गणितं सोडवायला लावून ताण दिला. वाचून शिकलेल्यांचं स्मरण ताणाखाली घसरलं. आठवून शिकलेल्यांचं घसरलं नाही. म्हणजे पाच प्रश्नांच्या त्या आठ मिनिटांत परीक्षेच्या दालनातला बचावही घडत असतो. अमेरिकेतल्याच १,४०८ शालेय विद्यार्थ्यांना वर्गातल्या नियमित छोट्या चाचण्यांबद्दल विचारलं, तेव्हा ७२ टक्क्यांनी सांगितलं की त्यांमुळे मोठ्या परीक्षेची धास्ती कमी झाली. दीडशे वेळा पुस्तक मिटून लिहिलेल्या मुलाला एकशे एकावन्नावी वेळ अनोळखी राहत नाही.

तरीही पेपरात काही मुलं ‘ब्लँक’ होतील. त्यांना तेव्हा काय करायचं ते आधीच हाताशी हवं, आणि त्याचा सराव पूर्वपरीक्षेत व्हायला हवा. पेन खाली ठेवायचं. दोन्ही पावलं जमिनीला टेकवायची. चार आकड्यांत श्वास आत, सहा आकड्यांत बाहेर, असं सहा वेळा, मिनिटभर लागतं. सोडायचा श्वास लांब ठेवला की धडधड उतरू लागते. मग अडलेल्या प्रश्नाशी झुंजायचं नाही, नक्की येणाऱ्या लहान प्रश्नाकडे जायचं. एक उत्तर लिहून झालं की बाकीची वाट मोकळी होऊ लागते. पर्यवेक्षकांनाही एक सांगून ठेवा : पेन खाली ठेवून बसलेल्या मुलाच्या डोक्यावर उभं राहून ‘लिही, लिही, वेळ चाललाय’ म्हणू नये.

जेरार्डो रामिरेझ आणि सायन बायलॉक यांनी २०११ मध्ये दाखवलेला आणखी एक उपाय करून पाहण्यासारखा आहे : पेपरआधी दहा मिनिटं मनातली काळजी कागदावर उतरवणं. जास्त घाबरणाऱ्या मुलांना त्याचा फायदा झाला. नंतरच्या सगळ्याच प्रयोगांत तो दिसला नाही, म्हणून सक्ती नको. आणि तो कागद कुणीही वाचायचा नाही, मुलाने फाडून टाकायचा.

भीती वाढवण्याचं सर्वांत मोठं काम मात्र शाळेतच होतं, उत्तरपत्रिका परत देण्याच्या तासाला. सर्वाधिक गुणांपासून नावं पुकारणं, शेवटच्या पाच जणांना उभं करणं, ‘याच्याकडून काय अपेक्षा ठेवायची’ असं म्हणणं. हे सगळं मुलांच्या भल्यासाठी चाललेलं असतं यात शंका नाही. पण त्यातून मूल एवढंच शिकतं की चूक ही लपवण्याची गोष्ट आहे. जे मूल चूक लपवतं त्याला शिकवता येत नाही.

उत्तरपत्रिका घडी घालून, नाव न पुकारता द्या. आणि शक्य असेल तर पहिली पंधरा मिनिटं गुण दाखवूच नका, फक्त शेरे दाखवा. रूथ बटलर यांनी १९८८ मध्ये इस्राएलमधल्या पाचवी-सहावीच्या मुलांवर केलेल्या अभ्यासात ज्यांना नुसते शेरे मिळाले त्यांची कामगिरी आणि गोडी वाढली. शेऱ्याबरोबर गुणही मिळालेल्यांना त्या शेऱ्याचा तसा उपयोग झाला नाही. नजर आकड्यावरच खिळते. शेरा म्हणजे ‘छान’ किंवा ‘अभ्यास वाढवा’ नव्हे. ‘समीकरण बरोबर मांडलंस, दुसऱ्या पायरीत ऋण चिन्ह सुटलं’ हा शेरा.

मग मुलांनी गमावलेला प्रत्येक गुण तीन रकान्यांत टाकायचा. ‘माहीतच नव्हतं’, ‘माहीत होतं, आठवलं नाही’ आणि ‘आठवलं, पण प्रश्न नीट वाचला नाही, चिन्ह चुकलं किंवा वेळ पुरला नाही’. पहिल्या रकान्याला शिकवणं हवं, तुमच्याकडून किंवा मित्राकडून. दुसऱ्याला वाचन नको, आठवण्याचा सराव हवा. तिसऱ्याला घड्याळ लावून सोडवलेले पेपर हवेत. ‘मला गणित जमत नाही’ असं म्हणणाऱ्या मुलीला जेव्हा दिसतं की तिच्या गेलेल्या बावीसपैकी बारा गुण तिसऱ्या रकान्यात आहेत, तेव्हा तिचा स्वतःविषयीचा निष्कर्ष बदलतो. सहामाही आणि पूर्वपरीक्षा, या दोन्हींनंतर एकेक तासिका यासाठी द्याच. या पत्रातली एकच गोष्ट करणं शक्य असेल तर ही करा, असं सांगण्याचाही मोह होतो; पण पाच प्रश्नांशिवाय दुसरा रकाना रिकामा होणार नाही.

झोपेबद्दल थोडक्यात. किशोरवयात शरीराचं घड्याळ उशिराकडे सरकतं. मूल रात्री लवकर झोपत नाही ते नेहमीच हट्टाने नव्हे. या वयाला आठ ते दहा तास झोप लागते आणि दिवसा शिकलेलं पक्कं होण्यात झोपेचा मोठा वाटा असतो. राज्य शासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत असं ठरवलं. ज्यांचं घड्याळ खरोखर उशिरा चालतं त्या दहावीच्या मुलांना मात्र आपण पहाटे साडेसहाच्या जादा तासाला बोलावतो, आणि त्यांची शिकवणी रात्री नऊला सुटते. जादा तास शाळा सुटल्यावर घ्या किंवा रद्द करा.

शेवटी, परीक्षेच्या भीतीत न मावणारं दुःखही वर्गात असतं. दोन आठवड्यांहून जास्त काळ मूल कुणात मिसळत नाही, डबा तसाच परत नेतं, झोपेचं वेळापत्रक पार बदललंय, किंवा एखादं मूल आवडीच्या वस्तू वाटून टाकतंय, ‘मी नसलो तर बरं होईल’ अशा अर्थाचं काही बोलतंय, तर वाट पाहू नका. त्याला एकट्याला बाजूला घ्या आणि सरळ विचारा : ‘जीव द्यावासा वाटतो का?’ असं विचारल्याने तो विचार मुलाच्या डोक्यात घातला जात नाही. विचारणारं कुणी भेटलं म्हणून सुटकाच वाटते. उत्तर काहीही आलं तरी ओरडू नका, शपथा घालू नका. ‘कुणाला सांगणार नाही’ असं वचनही देऊ नका. होकार आला तर मुलाला क्षणभरही एकटं सोडायचं नाही, त्याच दिवशी पालकांना बोलवायचं आणि डॉक्टरांपर्यंत पोचवायचं. टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक शासनाचा आहे, निःशुल्क आहे, चोवीस तास चालतो आणि मराठीतही बोलता येतं. तो फक्त कार्यालयात लावू नका. मुलांच्या आणि मुलींच्या स्वच्छतागृहांच्या दारांवर आतल्या बाजूने चिकटवा; कुणी पाहत नसताना वाचता येईल अशी जागा शाळेत तीच असते.

मुख्याध्यापकांकडे आमच्या मागण्या मोजक्याच आहेत. जूनच्या पहिल्या शिक्षकसभेत टाचणाच्या वहीत ‘आजचे जुने प्रश्न’ हा रकाना आखायला सांगा. पाच प्रश्नांचे गुण कुणीही मागणार नाही, संस्थाचालकसुद्धा नाहीत, हे त्याच सभेत लेखी द्या. सहामाहीनंतरची आणि पूर्वपरीक्षेनंतरची तीन रकान्यांची तासिका वेळापत्रकात आत्ताच छापा. आणि वर्ग पाहायला जाल तेव्हा तासाच्या सुरुवातीच्या आठ मिनिटांत जा. शिक्षक बोलत नसतील आणि साठ मुलं मान खाली घालून लिहीत असतील, तर तो तास नीट चालला आहे असं समजा.

कळावे,

आपले,
काही शालेय समुपदेशक आणि शैक्षणिक मानसशास्त्राचे अध्यापक